वाचा

सबनीस मॅडमच्या शोकसभेत कुणी खोटं बोललं नाही, कारण कुणी फारसं बोललंच नाही. पुण्यात ही गोष्ट सोपी नाही. इथे माणूस गेला की ज्यांनी जिवंतपणी त्याचं तोंड पाहायचं टाळलं, तेही उठून दहा मिनिटं गहिवरून घेतात. मॅडमच्या सभेत अध्यक्ष उठले, चष्मा पुसला, "त्या शिस्तीच्या होत्या" एवढं म्हणाले आणि बसले. मागच्या रांगेत कुणीतरी 'शिस्तीच्या' या शब्दावर खोकलं.

पहिल्या रांगेत मॅडमचे यजमान, सबनीस काका, खुर्चीच्या हातावर एका बोटाने टकटक करत बसले होते. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती. शेजारच्या बाईंना वाटलं, हाताला कंप सुटलाय. त्यांनी मायेने तो हात आपल्या हातात घेतला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही. बाई, हात सोडा त्यांचा, असं मला सांगायचं होतं, पण का सोडा हे सांगायला बराच वेळ लागला असता. तो वेळ आता घेते.

मॅडम मला पॉलिटेक्निकला होत्या. विषय मोजमापाची उपकरणं. बुटक्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि आवाज इतका खालचा की शिव्या खायलासुद्धा पुढच्या बाकावर बसावं लागे. त्या ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाची थोडी दया तरी येते, मॅडमची कधी आली नाही. मीटरवर काय दिसतं असं त्यांनी विचारलं आणि एका मुलाने "सुमारे बारा" म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सुमारे? लग्नाचा मुहूर्तसुद्धा सुमारे नसतो, आणि त्यात तर नुसती माणसंच बिघडतात." मला एकदा उत्तर आलं नाही तर म्हणाल्या, "कदम, वडिलांना कळव, मुलगी उत्तम इन्सुलेटर आहे. काहीही आरपार जात नाही." वर्ग हसला. ज्याला बोलल्या तो सोडून वर्ग नेहमीच हसायचा.

त्यांचं एकेक वाक्य आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना ऐकवत आलो. घरी, लग्नांत, ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये. ऐकणारे पोट धरून हसतात आणि विसरतात. त्या वाक्यांचं काही करायचं असतं असं कुणाला वाटत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पॉलिटेक्निक सुटल्यावर मी त्यांना विसरायचा प्रामाणिक प्रयत्न केला. सोलर पॅनल बसवणाऱ्या एका कंपनीत लागले. एके दिवशी फोन आला. ओळख नाही, चौकशी नाही. "कदम, पॅनल विकतेस असं कानावर आलं. त्यातलं कळतं, की नुसतीच विकतेस?" कळतं म्हटल्यावर त्यांनी पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. पत्ता खडकवासल्याच्या धरणाच्या मागल्या पाण्याचा होता.

तिथे शिडाच्या होड्यांचा एक लहानसा क्लब आहे. क्लब म्हणजे पत्र्याची एक शेड, उतारावर आठ-दहा होड्या, आणि बचावासाठी एक रुंद बसकी बोट. शहर तेच पाणी पितं, म्हणून क्लबच्या नियमाप्रमाणे पेट्रोलचं इंजिन चालत नाही. बचावबोटीला बॅटरीवर चालणारी मोटर आहे. शेडपर्यंत विजेची तार आलेली नाही, म्हणून बॅटरी भरायला छपरावर सोलर पॅनल. हिवाळ्यात इथे वारा पडतो. दिवाळीनंतर होड्या ताडपत्रीखाली जातात त्या होळीच्या सुमारास बाहेर निघतात. तोपर्यंत बॅटरीला काम नसतं, आणि बॅटरीला बिनकामाचं बसणंच सोसत नाही. काही न करता ती आतल्या आत रिकामी होत जाते, आणि एका मर्यादेखाली गेली की मग कितीही भरा, तिच्यात जीव धरत नाही. तिला हिवाळाभर थोडं थोडं पाजत राहावं लागतं. त्या पाजण्याला आम्ही धंद्यातले लोक फ्लोट म्हणतो.

मी जुनं पॅनल उतरवून नवीन बसवलं आणि मॅडमनी ते तपासलं. चूक सापडली नाही म्हणून त्यांचा चेहरा पडला. मग मला म्हणाल्या, "रविवारी ये. आकडा बघायला."

म्हणून मी रविवारी गेले, आणि मग जातच राहिले. कशासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मॅडम आणि काका दोघं कसबा पेठेतून निघायची आणि स्वारगेटहून पहिली बस धरून यायची. काका उंच, सावळे, बँकेतून निवृत्त झालेले. मॅडम त्यांची ओळख करून देत, "यांचा करंटशी संबंध करंट अकाउंटपुरता." काकांचे गुडघे गेलेले होते. त्यांच्याकडे पूर्वी गाडी होती, ती मॅडमनी विकायला लावली. गाडीलाही बॅटरी असते आणि ती यांच्या हवाली करायची नाही, हे कारण त्यांनी गिऱ्हाइकासमोर, काकांच्या देखत सांगितलं होतं. काकांनी मान डोलावून किल्ली दिली. तेव्हापासून ते बसच्या पायऱ्या एकेक करून चढत, आणि मॅडम पुढे जाऊन खिडकी पकडत.

ऊन पॅनलवर यायच्या आत शेड उघडायची. भरणं चालू असताना व्होल्टचा आकडा फुगून दिसतो, रात्रभर स्वस्थ बसलेल्या बॅटरीचाच आकडा खरा. मीटर बॅटरीच्या शेजारी, अगदी खाली लावलेला. काका भिंतीला धरून, कण्हत, त्याच्यापुढे खाली बसायचे. मॅडम दारात उभ्या राहायच्या, शेडकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून. मग म्हणायच्या, "वाचा."

"बारा पॉइंट सात," काका म्हणायचे.

"ठीक."

यानंतर मॅडम आत येऊन बाकीचं सगळं स्वतः करायच्या. बॅटरीत पाणी घालायच्या, टोकांवरचा पांढरा मळ खायच्या सोड्याने धुवायच्या, व्हॅसलीन लावायच्या, वायरी ओढून बघायच्या. मी जन्मात इतक्या हळुवार हातांनी कुणी बॅटरी पुसताना पाहिलेलं नाही. मीटरकडे मात्र त्या बघत नसत. मोजमाप शिकवण्यात ज्यांची हयात गेली, त्या बाई मीटरपुढून जाताना मान फिरवून जात.

मला आधी वाटलं, नवराबायकोची काहीतरी जुनी सवय असेल. क्लबचे खजिनदार देवधर यांनी एका रविवारी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा कळलं.

त्यांना एकच मुलगा होता, चिन्मय. पंचविशीतला, क्लबमधला सगळ्यात चांगला होडीवाला. काका तेव्हा क्लबचे सेक्रेटरी होते. त्या वर्षी दसऱ्याला क्लबमध्ये पूजा झाली. वल्ही, शिडं, मोटर, बॅटरी, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. काका शिडीवरून छपरावर चढले आणि पॅनललाही झेंडूचा घसघशीत हार घालून आले. दसऱ्याचा हार कुणी ओढून काढत नाही. तो सुकेल आणि आपोआप पडेल, असंच सगळे धरून चालतात. हा पडला नाही. पॅनलच्या एका कडेवर तो सुकून चिकटून बसला. पॅनलमधले सगळे चौकोन एकामागे एक जोडलेले असतात, एका ओळीवर सावली आली तरी सगळ्यांचंच काम अडतं. खालून हार दिसत नव्हता. खाली शेडमध्ये चार्जरचा हिरवा दिवा दिसत होता. तो पॅनल जोडलेलं आहे एवढंच सांगतो, किती येतंय ते सांगत नाही. काका दर रविवारी यायचे, हिरवा दिवा बघायचे, कुलूप लावून परत जायचे. मीटर खाली होता, वाकावं लागे, ते वाकले नाहीत.

होळीच्या सुमारास वारा सुटला. पहिल्याच दिवशी एका जोराच्या झोतात चिन्मयची होडी उलटली आणि शिडाचा आडवा दांडा त्याच्या डोक्यात बसला. अंगात जाकीट होतं, पण जाकीट माणसाला तरंगवतं, तोंड पाण्याच्या वर ठेवेलच असं नाही. काका बचावबोट घेऊन निघाले. मोटर अर्ध्या वाटेत बंद पडली. बोटीत एकच वल्हं होतं. ते वल्हवत पोहोचले, पण चिन्मय वाचला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यापासून मॅडमनी बॅटरी आपल्याकडे घेतली आणि वाचायचं काम काकांना दिलं.

एकदा क्लबात नव्याने आलेल्या एका बाईंनी, सगळं कळल्यावर, मॅडमचा हात धरून देवाची मर्जी वगैरे काहीतरी म्हटलं. मॅडमनी हात सोडवून घेतला. काका तिथेच कपात चहा ओतत होते. मॅडम त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "देव मीटर बघत नाही. ते काम यांच्याकडे होतं." काकांनी त्या बाईंना चहा दिला आणि साखर हवी का विचारलं. त्या बाई नंतर क्लबात दिसल्या नाहीत.

मला काकांच्या गुडघ्यांची कणव यायची. म्हणून मी एक नवा मीटर आणला, मोबाइलवर आकडा दाखवणारा. कसबा पेठेत पलंगावर पडूनही बॅटरी कळली असती. मॅडमनी खोकं हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, मला परत दिलं आणि विचारलं, "कदम, तुला काय वाटतं, मला आकडा हवाय?"

मला त्यांचा संताप आला. त्या दिवशी बसची वाट बघताना मॅडम लांब जाऊन उभ्या होत्या, तेव्हा मी काकांना म्हटलं की तुम्ही हे ऐकून का घेता. काका म्हणाले, "ती मला दर रविवारी वाचा म्हणते. मी ते दोन्ही अर्थांनी घेतो. नाहीतर मी कधीच गेलो असतो." मग म्हणाले, "मला एकच हवंय गं. एका रविवारी तिने मागे वळून तो आकडा स्वतः बघावा. मग मी सुटलो."

त्या दिवसापासून मीही तेवढ्याचीच वाट बघू लागले. दर रविवारी काका खाली बसले की मी मॅडमच्या पाठीकडे बघायची. ती पाठ कधी हलली नाही.

मग तो दसरा आला. चिन्मयला जाऊन बरीच वर्षं झाली होती. क्लबमध्ये पूजा अजून व्हायची, पण मॅडमचा नियम होता की फूल छपरावर जाणार नाही, शेडच्या आसपासही नको. देवधर त्या दिवशी विसरले किंवा त्यांना वाटलं, आता पुरे झालं. त्यांनी शेडच्या दाराला झेंडूचं छोटंसं तोरण लावलं. देवधर हे भला गृहस्थ या सदरात मोडणारे. मुलाने आणि सुनेने त्यांना त्याच साली वेगळं राहायला सांगितलं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मॅडम आल्या, तोरण बघितलं. म्हणाल्या, "देवधर, दाराला तोरण लावायची हौस घरी भागवावी. की सुनेने दारही ठेवलं नाही?"

चार-पाच लोक हसले. सवयीने. देवधरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोरण काढलं, हातात गुंडाळलं, आणि गप्प बसतील असं वाटत असतानाच अगदी हळू बोलले.

"हौस माझी नाही, मॅडम. 'पॅनलला हार घाला, या क्लबात कमावता तोच एक आहे,' हे वाक्य तुमचं होतं. मी इथेच उभा होतो. आम्ही सगळे हसलो होतो, आणि हे शिडीवर चढले."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, पण बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं की त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून ते एक वाक्य गिळून ठेवलं होतं. मॅडमबद्दल कुणाला प्रेम होतं म्हणून नाही, काकांनी हात जोडून सांगितलं होतं म्हणून.

"नाही हो देवधर," काका घाईघाईने म्हणाले, "ते मीच म्हणालो होतो. तुमचा घोटाळा होतोय." खोटं बोलण्यात ते फार कच्चे होते. हे बोलताना त्यांनी मॅडमच्या आणि देवधरांच्या मध्ये येऊन उभं राहायचा प्रयत्न केला, जणू काही ते वाक्य अजून वाटेत आहे आणि अडवता येईल.

मॅडमनी देवधरांकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या काकांना म्हणाल्या, "अहो, कशाला. मला आठवतंय."

काका मधून बाजूला झाले.

"मला पहिल्या दिवसापासून आठवतंय," मॅडम त्याच खालच्या आवाजात म्हणाल्या. "तीस वर्षं मी काहीबाही बोलत आले. तुम्ही त्यातलं एकही ऐकलं नाहीत. नेमकं तेवढंच ऐकलंत."

इतक्या वर्षांत त्यांचं वाक्य ऐकून कुणी हसलं नाही अशी ती पहिलीच वेळ असावी. मग त्या दारात जाऊन पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाचा."

आणि काका भिंतीला धरून खाली बसले आणि त्यांनी वाचलं.

मला तेव्हा मॅडमचा जो तिरस्कार वाटला तो मी लपवत नाही. ज्या माणसाने जन्मभर त्यांचा गुन्हा आपल्या नावावर चालू दिला, त्याला त्या ते सगळं माहीत असूनही खाली बसवत होत्या. पण घरी जाताना माझ्या डोक्यातून ती पाठ जाईना. नवऱ्याकडे त्या खुशाल बघत, बोलत, त्याला फाडून खात. नजर चुकवत त्या फक्त मीटरची. मीटरला हसवता येत नाही आणि गप्पही करता येत नाही, तो फक्त आकडा सांगतो, हे त्यांनीच आम्हाला वर्गात शिकवलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात काकांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मी दवाखान्यात गेले तेव्हा मॅडम बाहेरच्या बाकड्यावर बसून संत्रं सोलत होत्या. कसे आहेत विचारलं तर म्हणाल्या, "फ्लोटवर." संत्र्याच्या एकेका फोडीच्या शिरा काढून त्या वाटीत ठेवत होत्या. मी म्हटलं, मॅडम, आता रविवारचं मी बघते, तुम्ही काही काळजी करू नका. त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो वर्गातला इन्सुलेटर झाले.

दिवाळी झाली, वारा पडला, होड्या ताडपत्रीखाली गेल्या. रविवारी मी शेडपाशी पोहोचले तर रिक्षा उभी. बस आता काकांना जमणार नव्हती. मॅडम त्यांना बगलेत धरून उतारावरून आणत होत्या, त्यांच्या खांद्याएवढ्याही नव्हत्या त्या. मी धावत गेले तर "नको" एवढंच म्हणाल्या. आत आणून त्यांनी काकांना एका उलट्या बादलीवर मीटरपुढे बसवलं, डावा हात बॅटरीच्या झाकणावर ठेवला आणि त्या दारात जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

मला वाटलं, आज तरी वळावं लागेल. दुसरा इलाजच नव्हता. काका बोलू शकत नव्हते, आणि बोटं दाखवली तरी पाठीला ती दिसणार नव्हती. काकांच्याही ते लक्षात आलं असावं. मीटर बघायचं सोडून ते मॅडमकडे बघत होते, आणि चेहऱ्याच्या चालत्या बाजूवर हसू होतं. बसथांब्यावर त्यांनी जे मागितलं होतं, ते आता मिळणार होतं.

"वाचा," मॅडम म्हणाल्या.

काकांच्या घशातून नुसता आवाज आला. मॅडम थांबल्या. बाहेर पाण्यावर धुकं होतं, एक टिटवी ओरडत होती. ऊन छपरावर येऊ घातलं होतं, आणि ते आलं की आकडा खोटा होणार होता. मला राहवेना.

"बारा पॉइंट..." मी सुरू केलं.

"कदम, तुला नाही सांगितलं."

 काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी मॅडमच्या पाठीकडे आणखी थोडा वेळ बघितलं. मग मीटरकडे वळले, डावा हात उचलला आणि बोटाने बॅटरीच्या झाकणावर एकदा ठोकलं. थोडं थांबून दोनदा ठोकलं. मग बराच वेळ थांबले, तो पॉइंट असावा. मग पुन्हा ठोकायला लागले, एकेक टकटक सावकाश, मान हलवत, मनात मोजत. सहाव्या टकटकीला हात थकला आणि मांडीवर पडला.

मला आकडा दिसत होता. सात होते. मॅडमना दिसत नव्हता. पण बॅटरी त्यांनी पुसली होती, पाजली होती, ती कितीवर असेल हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. त्या हलल्या नाहीत.

"पूर्ण वाचा," त्या म्हणाल्या.

काकांनी हात पुन्हा वर नेला आणि सातव्यांदा ठोकलं.

"ठीक."

मग मॅडम वळल्या, मीटर चुकवून काकांकडे आल्या. त्यांच्या गळ्यातला मफलर सुटला होता, तो त्यांनी कानांवरून घेऊन हनुवटीखाली गच्च आवळून बांधला, इतका गच्च की काकांनी मान उंच केली. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ पदराने पुसली. ती शेवटचीच भेट ठरली. हिवाळाभर माझी दुसरीकडची कामं निघाली, आणि पावसाळ्यात त्याच गेल्या, काकांच्या आधी, हृदय बंद पडून. पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं. त्यांनी काकांना बगलेत धरून उभं केलं, दाराकडे नेता नेता म्हणाल्या,

"पुढच्या रविवारी जरा स्पष्ट वाचा."